भाव एका रात्रीत, माणसं दशकभरात: पोलंडने बाजारपेठ खुली केली त्याची गोष्ट, पायरीपायरीने

‘नव्या सरकारने अर्थव्यवस्था खुली केली’ अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. नेमकं काय खुलं केलं, कोणत्या क्रमाने केलं आणि त्याची झळ आधी कोणाला लागली, हे त्या एका ओळीतून कळत नाही. ते समजून घ्यायचं तर पोलंडचं उदाहरण फार उपयोगी पडतं. तिथे १९८९ मध्ये राजवट बदलली आणि १ जानेवारी १९९० पासून खरेदी-विक्रीचे, पगाराचे, चलनाचे नियमही बदलले. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे तिथे स्वच्छ वेगळं दिसतं.

पुढे वाचताना एक गोष्ट मनात ठेवू या. या बदलातल्या सगळ्या कामांचा वेग सारखा नसतो. भाव एका रात्रीत मोकळे होतात. कारखाना सुधारायला काही वर्षं लागतात. पन्नाशीच्या कामगाराला नवं काम मिळायला दशकही पुरत नाही. या वेगवेगळ्या वेगांमध्ये जी फट पडते, तिच्यात माणसं अडकतात. म्हणून कोणत्याही सुधारणेचं मोल करताना त्या फटीत सरकारने लोकांसाठी काय ठेवलं होतं, हे आपण पाहायला हवं.

पायरी १ : जुनी व्यवस्था कुठे अडली

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. कारखाने, खाणी, बँका, बहुतेक दुकानं सरकारच्या मालकीची झाली. शेतजमीन मात्र बरीचशी खासगीच राहिली. कोणती वस्तू किती बनवायची आणि किती भावाने विकायची, हे अधिकारी ठरवत.

भाव मुद्दाम कमी ठेवलेले असत. वस्तू बनवायला दहा रुपये लागतात आणि विकायची सहा रुपयांना, असं समजा. उरलेले चार रुपये सरकार भरत असे. यालाच अनुदान म्हणतात. अशी अनुदानं वाढत गेली आणि करातून येणारा पैसा पुरेना, तेव्हा सरकार नोटा छापून वेळ मारून नेऊ लागलं.

लोकांच्या हातात नोटा आल्या, दुकानात माल मात्र तेवढाच राहिला. अशा वेळी मोकळ्या बाजारात भाव चढतात. पोलंडमध्ये भाव सरकारने बांधलेले होते, म्हणून भावाऐवजी रांगा वाढल्या. याला दबलेली महागाई म्हणतात. १९८१ ते १९८९ या काळात मांस कुपनावर मिळत असे. आपल्याला रेशनकार्ड ओळखीचं आहे, पण तिथे कुपन हातात असूनही तासन्‌तास उभं राहावं लागे आणि माल संपला तर रिकाम्या हाताने परतावं लागे.

इथे एक गैरसमज हमखास होतो. १९९० मध्ये भाव भडकले, म्हणजे महागाई सुधारणेमुळे आली, असं वाटतं. महागाई आधीपासून होतीच. लोक ती पैशांऐवजी वेळेने आणि वणवणीने फेडत होते.

शिवाय तोटा झाला तरी कारखाना बंद पडत नसे, त्यामुळे खर्च आवरण्याची निकड कोणालाच नव्हती. १९७०च्या दशकात पश्चिमेकडून कर्ज काढून नवे कारखाने उभारले, पण त्यांचा माल परदेशात पुरेसा खपला नाही. १९८९ पर्यंत देशावर सुमारे ४० अब्ज डॉलरचं कर्ज साठलं.

पायरी २ : भाव वाढवायचा तर लोकांचा विश्वास हवा

हे गणित चुकतंय, हे कम्युनिस्ट सरकारलाही कळत होतं. अन्नधान्याचे आणि मांसाचे भाव वाढवण्याचा प्रयत्न १९७०, १९७६ आणि १९८० असा तीनदा झाला. तिन्ही वेळा कामगार रस्त्यावर उतरले. १९७० मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या शहरांत गोळीबार होऊन कामगार मारले गेले.

ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात मोठा संप झाला. त्यातून लेक वालेसा या इलेक्ट्रिशियनच्या नेतृत्वाखाली ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. तिची सदस्यसंख्या सुमारे एक कोटीवर गेली. १३ डिसेंबर १९८१ रोजी सरकारचे प्रमुख जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला आणि संघटनेचे नेते तुरुंगात गेले.

संघटना दाबली तरी प्रश्न तसाच राहिला. लोकांचा विश्वास नसलेलं सरकार त्यांना ‘थोडं सोसा’ असं सांगू शकत नाही. आर्थिक बदलाची गोष्ट राजकारणापासून का सुरू होते, याचं उत्तर इथे आहे.

पायरी ३ : सत्ता कशी हलली

१९८८ मध्ये पुन्हा संपांची लाट आली. सोव्हिएत संघाचं नेतृत्व तेव्हा गोर्बाचेव्ह यांच्याकडे होतं आणि मॉस्कोहून रणगाडे येण्याची भीती ओसरली होती. फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ या काळात सरकार आणि विरोधक एका गोल टेबलाभोवती बसून बोलले. ही बोलणी ‘गोलमेज’ म्हणूनच ओळखली जातात.

तडजोड अशी झाली. संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या, म्हणजे ‘सेइम’मधल्या, ६५ टक्के जागा कम्युनिस्ट आणि त्यांच्या मित्रपक्षांना राखीव. उरलेल्या १६१ जागांवर आणि वरिष्ठ सभागृहाच्या सर्व १०० जागांवर खुली निवडणूक.

४ जून १९८९ रोजी मतदान झालं, पुढची फेरी १८ जूनला झाली. खुल्या १६१ पैकी १६१ जागा सॉलिडॅरिटीच्या उमेदवारांनी जिंकल्या. वरिष्ठ सभागृहात त्यांना १०० पैकी ९९ मिळाल्या. हा कौल पाहून कम्युनिस्टांचे दोन जुने मित्रपक्षही त्यांची साथ सोडून गेले.

ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे तादेउश माझोवियेत्स्की पंतप्रधान झाले. सोव्हिएत प्रभावाखालच्या पूर्व युरोपात चाळीस वर्षांत प्रथमच कम्युनिस्ट पक्षाबाहेरच्या माणसाच्या हाती सरकार आलं. यारुझेल्स्की राष्ट्राध्यक्ष होते, संरक्षण आणि गृह ही खाती अजून कम्युनिस्टांकडेच होती. म्हणजे नवं सरकार पूर्ण मोकळ्या हातांनी कामाला लागलं नव्हतं. लोकांचा विश्वास हे त्याचं सगळ्यात मोठं भांडवल होतं.

पायरी ४ : आधी निदान

अर्थमंत्री झाले लेशेक बाल्त्सेरोविच. ते अर्थशास्त्राचे अभ्यासक होते आणि अशा बदलांचे आराखडे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अनेक वर्षं अभ्यासले होते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांच्यासारखे सल्लागारही मदतीला होते.

त्यांच्या हाती आलेली परिस्थिती बिकट होती. आधीच्या सरकारने जाता जाता, ऑगस्ट १९८९ मध्ये, अन्नपदार्थांचे भाव मोकळे केले होते. पण नोटा छापणं थांबवलं नव्हतं, आणि भाव वाढले की पगारही वाढतील अशी सोय होती. भाव चढले, म्हणून पगार चढले, पगारासाठी नोटा छापल्या, म्हणून भाव आणखी चढले. ऑक्टोबर १९८९ मध्ये एका महिन्यात भाव सुमारे ५५ टक्क्यांनी वाढले. महिन्याला ५० टक्क्यांच्या वर गेलेल्या अशा वाढीला अतिमहागाई म्हणतात.

या पायरीवर चूक होणं सोपं असतं. भाव मोकळे करणं हा बदलाचा एक भाग आहे. पैशाला लगाम न घालता तेवढाच भाग उचलला, तर परिस्थिती आधीपेक्षा बिघडते.

पायरी ५ : हळूहळू की एकदम?

सावकाश जावं, म्हणजे लोकांना सवय होईल, असं आपल्यालाही वाटेल. बाल्त्सेरोविच यांचं म्हणणं वेगळं होतं. राजवट बदलल्यानंतरचा थोडा काळ असाधारण असतो, त्या काळात लोक देशासाठी सोसायला तयार असतात, आणि नंतर नेहमीचं हेव्यादाव्यांचं राजकारण परत येतं. अवघड कामं त्या काळातच उरकायला हवीत, असं ते मांडत.

दुसरं कारणही होतं. चलनावरचा विश्वास उडालेला असताना अर्धवट पावलं कोणी खरी मानत नाही. व्यापारी माल दाबून ठेवतो, लोक डॉलर साठवतात. म्हणून सरकारने सगळं एकदम करायचं ठरवलं. वर्षअखेरीला संसदेने कायद्यांचा संच मंजूर केला आणि १ जानेवारी १९९० पासून तो लागू झाला.

पायरी ६ : संचात काय होतं

पहिलं, भाव मोकळे. सुमारे ९० टक्के वस्तूंचे भाव विकणारा आणि घेणारा ठरवू लागले. घरभाडं, औषधं अशा थोड्या गोष्टी बांधीव राहिल्या. कोळसा, वीज यांचे दर सरकारने स्वतःच अनेक पटींनी वाढवले.

दुसरं, पैसा आवळला. अनुदानं कापली, तूट भरायला नोटा छापणं थांबवलं. व्याजदर इतके चढवले की जानेवारीत मध्यवर्ती बँकेचा दर महिन्याला ३६ टक्के होता.

तिसरं, पगारवाढीला बांध घातला. सरकारी कारखान्याने ठरलेल्या मर्यादेपलीकडे पगार वाढवले, तर त्या वाढीवर जबर कर बसे. लोक या कराला ‘पोपिवेक’ म्हणत आणि तो कामगारांना अतिशय अप्रिय होता. पण त्या वेळी कारखान्यांना खरा मालक नव्हता. व्यवस्थापक आणि कामगार मिळून सगळी कमाई पगारात वाटून घेतील, ही भीती खरी होती.

या तीन गोष्टी चुलीच्या तीन दगडांसारख्या आहेत. एक काढला की भांडं कलंडतं. ऑगस्ट १९८९ मध्ये एकच दगड मांडला होता.

चौथं, चलनाचा दर. पोलंडचं चलन झ्वॉटी. त्याचं मोठं अवमूल्यन केलं, म्हणजे परकीय चलनाच्या तुलनेत त्याची किंमत उतरवली, आणि एका डॉलरला ९,५०० झ्वॉटी हा दर पक्का केला. या दराने उद्योगांना आयातीसाठी बँकेतून डॉलर घेता येऊ लागले. चलन असं कायदेशीरपणे बदलून मिळण्याला परिवर्तनीयता म्हणतात. दर टिकावा म्हणून पाश्चात्त्य देशांनी १ अब्ज डॉलरचा निधी पाठीशी ठेवला. त्यातला एकही डॉलर वापरावा लागला नाही, कारण अशी तरतूद आहे एवढं कळलं तरी लोकांना दर टिकेल असं वाटू लागतं.

पाचवं, व्यापार मोकळा. परदेशी माल आणायला आणि पाठवायला सरकारी मक्तेदारी उरली नाही. याने एक मोठं काम साधलं. देशात एखादी वस्तू बनवणारा एकच सरकारी कारखाना असेल आणि त्याला भाव ठरवायची मुभा दिली, तर तो गिऱ्हाइकाला लुबाडेल. बाहेरचा माल शेजारी येऊन बसला की त्याला आवर बसतो.

पायरी ७ : पहिले तीन महिने

जानेवारी १९९० मध्ये भाव एका महिन्यात सुमारे ८० टक्क्यांनी वाढले. फेब्रुवारीत वाढ सुमारे २४ टक्के होती. मार्चमध्ये ती पाच टक्क्यांच्या आत आली. रांगा संपल्या, कप्पे भरले.

रस्त्यांवर एक नवी बाजारपेठ उभी राहिली. लोक घडीच्या खाटांवर कपडे, साबण, कॉफी मांडून विकू लागले, शेतकरी गाडीच्या मागच्या फळीवरून मांस विकू लागले. धंदा सुरू करायची मुभा देणारा सोपा कायदा १९८८ च्या अखेरीलाच झाला होता, त्याचा आता खरा उपयोग झाला. सरकारने या विक्रेत्यांना हुसकावलं नाही, हे महत्त्वाचं. वरून केलेले नियम आणि खालून आलेली उमेद यांची गाठ इथे पडली.

पण आकड्यांनुसार पगाराची खरी किंमत त्या वर्षी सुमारे चौथ्या हिश्श्याने घटली. आधीच्या पगारात दुकानात मिळणारं फारसं काही नव्हतं, हे खरं. तरीही ज्या आजीबाई रांगेत उभं राहून स्वस्त मांस मिळवत, त्यांच्यासाठी भरलेला कप्पा म्हणजे लांबूनच पाहायची गोष्ट झाली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि आपण दोन्ही धरून चालायला हवं.

पायरी ८ : बिल कोणी भरलं

१९९० मध्ये देशाचं एकूण उत्पादन अकरा-बारा टक्क्यांनी घसरलं, पुढच्या वर्षी आणखी सुमारे सात टक्क्यांनी. सोव्हिएत संघाबरोबरचा जुना व्यापार कोसळल्याने घाव खोल गेला. कागदोपत्री बेकारी नसलेल्या देशात वर्षअखेरीला दहा लाखांहून जास्त बेकार नोंदले गेले. १९९३ च्या अखेरीला बेकारीचं प्रमाण १६ टक्क्यांवर होतं.

सगळ्यात जास्त भरडले गेले ते सरकारी शेतांवरचे मजूर. देशाच्या उत्तर आणि पश्चिम भागांत सरकारी मालकीची मोठी शेतं होती. मजुरांची घरं, मुलांचं पाळणाघर, बस, सगळं त्या शेताशी बांधलेलं. १९९१ नंतर ही शेतं मोडीत निघाली. शहर दूर, हाती दुसरं कौशल्य नाही, घर विकून जावं तर घराला किंमत नाही. त्या वस्त्यांमधली गरिबी पुढच्या पिढीपर्यंत पोचली.

खासगी शेतकरीही अडचणीत आले. नव्या व्याजदरांची झळ जुन्या कर्जांनाही लागली. ज्यांनी आधीच्या वर्षी ट्रॅक्टरसाठी कर्ज घेतलं होतं, त्यांचा हप्ता आवाक्याबाहेर गेला. कर्ज घेताना असलेले नियम मध्येच बदलले, की लोकांच्या मनात कायमचा डंख राहतो. कर्जबाजारी शेतकऱ्यांचं पुढचं आंदोलन यातूनच उभं राहिलं.

फटीत काय ठेवलं होतं? कामगारमंत्री यात्सेक कुरोन हे जुने विरोधक, अनेकदा तुरुंगात गेलेले. त्यांनी बेकारी भत्ता सुरू केला आणि टीव्हीवरून लोकांशी साध्या भाषेत सतत बोलत राहिले. गरजूंना वाटल्या जाणाऱ्या सूपला आणि बेकारी भत्त्याला लोकांनी त्यांच्याच नावावरून ‘कुरोन्युव्का’ असं नाव दिलं. आधार अपुरा होता, पण तो पहिल्या दिवसापासून होता, आणि त्यामुळे देश तग धरून राहिला.

पायरी ९ : मालकी बदलणं, सगळ्यात सावकाश काम

खासगीकरण म्हणजे सरकारी मालकी खासगी हातांत देणं. लहान दुकानं, उपाहारगृहं, ट्रक झपाट्याने गेले, कारण ते चालवायला फार भांडवल लागत नाही. मोठ्या कारखान्यांचं तसं नव्हतं. त्यांची किंमत कशी ठरवायची? ती देऊ शकेल इतका पैसा देशात कोणाकडे होता?

खासगीकरणाचा कायदा जुलै १९९० मध्ये झाला. १६ एप्रिल १९९१ रोजी वॉर्साचा शेअर बाजार सुरू झाला, तोही कम्युनिस्ट पक्षाच्या पूर्वीच्या मुख्यालयाच्या इमारतीत. पहिल्या दिवशी फक्त पाच कंपन्यांचे शेअर होते. जनतेला मालकीपत्रं वाटण्याची मोठी योजना १९९५ मध्ये आली.

या पायरीवर नेहमी होणारी चूक म्हणजे ओळखीपाळखीची विक्री. राजवट जाता जाता काही जुन्या व्यवस्थापकांनी सरकारी मालमत्ता स्वतःच्या कंपन्यांकडे वळवली. त्याचा राग लोकांच्या मनात राहिला. तरीही मोठे उद्योग घाईने थोडक्या हातांत न गेल्याने, रशियात पुढे उभे राहिले तसे बलाढ्य धनदांडगे पोलंडमध्ये उभे राहिले नाहीत. इथे सावकाशपणाचा फायदाच झाला.

पायरी १० : मतपेटीचं उत्तर

नोव्हेंबर १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत माझोवियेत्स्की तिसरे आले. परदेशातून आलेला, लोकांना फारसा माहीत नसलेला एक उद्योजक त्यांच्या पुढे गेला. वालेसा दुसऱ्या फेरीत जिंकले आणि माझोवियेत्स्कींनी राजीनामा दिला. सप्टेंबर १९९३ मध्ये तर पूर्वीच्या कम्युनिस्टांचाच नवा पक्ष निवडणुकीत पहिला आला.

पण त्या पक्षाने बाजारपेठ पुन्हा बंद केली नाही. १९९१ मध्ये धनको देशांनी पोलंडचं त्यांच्याकडचं निम्मं कर्ज माफ करायचं मान्य केलं होतं. १९९२ पासून उत्पादन वाढू लागलं होतं, आणि पूर्व युरोपात ही वाढ सर्वांत आधी पोलंडमध्येच दिसली. १९९५ मध्ये दहा हजार जुन्या झ्वॉटींचा एक नवा झ्वॉटी झाला. १ मे २००४ रोजी देश युरोपीय संघात गेला, आणि घरी काम न मिळालेले लाखो तरुण ब्रिटन-आयर्लंडकडे निघाले.

आपण हे कसं वापरावं

भारतातही जुलै १९९१ मध्ये नव्या सरकारने रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन केलं आणि बहुतेक उद्योगांचे परवाने रद्द केले. पण आपल्याकडे खासगी कारखाने, व्यापारी पेढ्या आणि मुंबईचा शेअर बाजार आधीपासून होते. पोलंडला यातलं बरंच काही नव्याने उभारावं लागलं. म्हणून एका देशाचा नुस्खा जसाच्या तसा दुसऱ्याला लावू नये.

उद्या कोणत्याही देशात नवं सरकार येऊन बाजारपेठ खुली करत असेल, तर आपण पाच प्रश्न विचारावेत. या सरकारवर लोकांचा विश्वास आहे का? भाव मोकळे करताना पैशाला लगाम घातला आहे का? जुन्या करारांचे आणि कर्जांचे नियम मध्येच बदलले का? सरकारी मालमत्ता कोणाला आणि कशी विकली जाते आहे? आणि ज्यांचं काम जाणार आहे त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून काय तरतूद आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पोलंडकडे चांगली होती, म्हणून देश उभा राहिला. तिसऱ्याचं उत्तर वाईट होतं, चौथ्याचं आणि पाचव्याचं अर्धवट, म्हणून सरकारी शेतांवरचे मजूर आणि कर्जातले शेतकरी मागे राहिले. यश आणि जखम दोन्ही एकाच धोरणातून आली. पुढच्या देशाने पोलंडकडून शिकायचं असेल, तर त्याने भाव मोकळे करण्याच्या तारखेइतकीच काळजीपूर्वक, त्या तारखेच्या आधीच, शेवटच्या प्रश्नाची तयारी करावी.